डिस्चार्जच्या आधी ठरवायची गोष्ट

ठाण्या-नवी मुंबईतली बहुतेक कुटुंबं डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू हिरावून नेणारा आजार, झालेल्या आपल्या माणसासाठी मदत शोधायला लागतात ती थेट हॉस्पिटलच्या डिस्चार्ज काउंटरवर. आजोबा बाथरूममध्ये पडतात, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं. भूल उतरल्यावर ते सलाइन उपटायला लागतात, सिस्टरवर हात उगारतात. चार-पाच दिवसांनी डॉक्टर सांगतात, "घरी न्या, पण यांना आता एकटं ठेवू नका." मग वॉर्डबॉयकडून घरी मदतनीस पुरवणाऱ्या एखाद्या ब्युरोचा नंबर मिळतो, शेजारच्या काकू कुठल्याशा निवासी सेंटरचं नाव सुचवतात, मुलाने टाकलेली दोन दिवसांची रजा संपत आलेली असते आणि संध्याकाळपर्यंत कुणाला तरी आगाऊ पैसे देऊन झालेले असतात. एका माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा निर्णय अशा एका दुपारी उरकला जातो.

आपल्याकडे चर्चा होते ती पुढची. घरी सांभाळायचं की संस्थेत ठेवायचं? सून चांगली की वाईट? मुलगा परदेशात का गेला? मला हा सगळा वादच चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. घर आणि संस्था ही दोन टोकं आहेत आणि त्यांच्या मध्ये जे असायला हवं ते आपल्या शहरांत जवळजवळ नाहीच. डिमेन्शियाच्या माणसाला आणि त्याच्या घराला पहिली मदत दिवसापुरती हवी असते. सकाळी सोडलं, संध्याकाळी आणलं, रात्री आपल्याच घरात. ही मदत लवकर मिळाली तर पुढचे निर्णय शांतपणे घेता येतात. खाजगी संस्थांकडून ती सगळ्यांना परवडेल अशी मिळणार नाही. म्हणून ती महापालिकांनीच सुरू करायला हवी, आणि ठाणे व नवी मुंबई या दोन्ही महापालिकांना ते जमण्यासारखं आहे.

हा आजार किती घरांत आहे ते आधी पाहू. लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासावर आधारलेला अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे त्या वयाच्या १०० माणसांत सात जणांहून थोडे जास्त. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये प्रमाण अधिक. हा हिशेब आपल्या सेक्टरला लावून बघा. तीनशे सभासदांच्या ज्येष्ठ नागरिक संघात वीसेक जण निघायला हवेत. पण संघाच्या सहलीला, वाढदिवसाला ते कुणाला दिसत नाहीत, कारण संघात यायचे सगळ्यात आधी तेच बंद होतात. त्यांच्या घरचेही सांगत नाहीत. "बाबांना जरा बरं नाही," एवढ्यावर विषय मिटतो.

सुरुवातीच्या खुणा सगळ्यांना दिसतात, पण त्यांना आजाराचं नाव द्यायची कुणाची तयारी नसते. गॅस चालू राहतो. एकच वीजबिल दोनदा भरलं जातं. तीस वर्षांच्या भाजीवाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडण होतं. पाटल्या स्वतःच कुठेतरी लपवायच्या आणि आळ कामवालीवर घ्यायचा. घरात म्हणतात, वय झालं, साठी बुद्धी नाठी. ठाण्यात तर आणखी एक अडचण आहे. १९०१ साली सुरू झालेलं इथलं मनोरुग्णालय शहराच्या नावाला इतकं चिकटलंय की "याला ठाण्याला पाठवा" ही अख्ख्या मुंबईची चेष्टा झाली आहे. त्याच शहरात एखाद्या मुलीने आईला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेऊ या म्हटलं, तर घरातलेच अंगावर येतात: आईला काय वेड लागलंय का? या एका वाक्यात कितीतरी घरांची दोन-तीन वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

ती वर्षं फार मोलाची असतात. विसरणं म्हणजे दर वेळी अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचं सगळ्यात नेहमीचं कारण, नसतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड मंदावणं, उतारवयातलं नैराश्य, डोक्याला मार लागून मेंदूभोवती हळूहळू साचलेलं रक्त, यांतल्या कशानेही माणूस असाच गोंधळलेला दिसू शकतो आणि त्यांवर उपचार आहेत. काही रक्ततपासण्या आणि एक स्कॅन, एवढ्यात यातलं बरंचसं कळतं. आणि अल्झायमरच निघाला, तर त्यावरच्या नेहमीच्या गोळ्या काही जणांची लक्षणं काही काळ थोडी हलकी करतात. आजार बरा करणारं औषध आज नाही. म्हणजे इथे काळजी हाच उपचाराचा मोठा भाग आहे, आणि काळजी कोण घेणार, कुठे घेणार, हा प्रश्न पहिल्याच दिवशी टेबलावर यायला हवा.

लवकर निदान झालं की आणखी एक गोष्ट साधते. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो माणूस अजून बोलू शकत असतो. त्याला विचारता येतं. रात्री दिवा लागतो का, अंघोळीआधी चहा की नंतर, पुढेमागे बाहेर राहावं लागलं तर कुठल्या गोष्टी चालणार नाहीत. आपल्या भागात हे विचारणं फार गरजेचं आहे. शुद्ध शाकाहारी स्वयंपाकघर असलेल्या सेंटरमध्ये एखाद्या कोळी किंवा आगरी आजीला आयुष्यभराच्या जेवणाशिवाय दिवस काढावे लागतात. ती "जेवत नाही" अशी नोंद होते आणि मग नळी घालायची की काय याची चर्चा सुरू होते.

कागदपत्रांचंही तसंच. बहुतेक घरांत समज असतो की बाबांनी मुखत्यारपत्र करून दिलंय, आता चिंता नाही. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१ सांगतं की अधिकार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते अधिकार संपतात. म्हणजे ज्या दिवशी कागदाची खरी गरज पडते, नेमका त्या दिवशी तो निकामी होतो. मग मुदत ठेव मोडायला, खोली विकायला, पालक म्हणून नेमणूक मागत उच्च न्यायालयात जावं लागतं आणि सेंटरचे पैसे मात्र दर महिन्याला भरायचे असतात. भान असतानाच बँकेची खाती संयुक्त करणं, इच्छापत्र करणं, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस, ठरवणं, ही कामं करून ठेवता येतात. शेवटच्या कामाला तर साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो. हे निदानाच्या वेळी डॉक्टरांनी किंवा समाजसेवकांनी प्रत्येक कुटुंबाला सांगितलं पाहिजे. आज ते कुणी सांगत नाही.

आता घरातलं. माझ्या सासूबाई नेरुळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहत. लिफ्ट नाही. आजार वाढला तसं त्यांचं खाली उतरणं थांबलं. दिवेलागणीला त्यांची घालमेल सुरू व्हायची. जुन्या नऊवारीत चार कपडे, देव्हाऱ्यातली घंटा आणि एखादं ताटलीचं झाकण बांधून गाठोडं तयार व्हायचं. "बाबा फाट्यावर येऊन थांबले असतील, शेवटची गाडी चुकेल माझी." बाबा जाऊन पन्नास वर्षं झाली होती. संध्याकाळची ही घालमेल डिमेन्शियात फार घरांत दिसते. दिवसभराचा थकवा, कमी होत जाणारा उजेड, भुकेची-तहानेची धड न उमगणारी जाणीव, सगळं एकत्र येतं. "आता कुठली गाडी, हेच तुमचं घर" म्हटलं की त्या दारावर मुठी आपटत. थोरल्या जाऊबाईंनी त्यांच्याबरोबर गाठोडं घेऊन चार जिने उतरायला, कोपऱ्यापर्यंत जाऊन "आज संप आहे वाटतं" म्हणत परत यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे ते निवळलं. रोज चार मजले खाली आणि चार मजले वर, सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला धरून.

त्यासाठी जाऊबाईंनी शाळेतली नोकरी सोडली. नात्यातले सगळे म्हणायचे, "किती करते हो ही सासूचं!" या कौतुकातून त्यांना एका दुपारची मोकळीक मिळाली नाही. कुणी येऊन म्हणालं नाही की रविवारी मी बसतो, तू जा. आपल्या संस्कृतीत म्हाताऱ्यांना घरीच सांभाळतात, असं आपण अभिमानाने म्हणतो तेव्हा सांभाळणारी ही एकच बाई असते आणि तिचा पगार, तिची झोप, तिची पाठ त्या वाक्यात कुठेच मोजलेली नसते. घरपणाचा हा भार एकीच्या डोक्यावर ठेवून बाकीच्यांनी नैतिकतेवर बोलणं मला मान्य नाही. तिने उद्या सांगितलं की मला आता झेपत नाही, तर ते ऐकून घेणं हे घराचं कर्तव्य आहे, आणि शहराचंही.

यावर आज मिळणारा सोपा उपाय म्हणजे ब्युरोची बाई. बारा तासांची किंवा चोवीस तासांची. दोन पाळ्यांना दोन बायका ठेवल्या तर मध्यमवर्गीय घरातला एक अख्खा पगार त्यात जातो. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर ठेवावी, पण डोळे उघडे ठेवून. ब्युरो आपलं कमिशन घेतो, बाईला शिकवत मात्र फारसं काही नाही. अंथरुणाला खिळलेल्याची कूस कशी बदलायची हे तिला अनुभवाने येत असतं. "माझी पर्स चोरलीस" असं दिवसातून वीस वेळा ऐकल्यावर काय बोलायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. दोन-तीन आठवड्यांत ती कंटाळून जाते, नवी येते, आणि ज्या माणसाला ओळखीचा चेहरा हाच एक आधार आहे त्याच्यासमोर पुन्हा अनोळखी बाई उभी राहते. शिवाय चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी असलेली बाई, अशी समजूत करून घेणारी घरं बरीच आहेत. तिला झोपायला जागा, जेवण, आठवड्याची सुट्टी देणार नसाल तर तिने तुमच्या आईशी मायेने वागावं ही अपेक्षा कशी ठेवता येईल?

निवासी सेंटरच्या मी विरुद्ध नाही. काही घरांत तोच योग्य निर्णय असतो: जिथे सांभाळणारा जोडीदार स्वतःच ऐंशीचा आहे, जिथे माणूस रात्रभर जागा राहतो आणि मारतो, जिथे घरात दुसरं आजारपण आहे. अशा वेळी कुणाचं काय म्हणणं पडेल या भीतीने दिवस काढणं धोक्याचं. पण सेंटर निवडताना लोक जे बघतात ते मला उलटं वाटतं. संगमरवरी लॉबी बघतात, गणपतीची आरास बघतात, व्हॉट्सॲपवर रोज फोटो मिळतील का विचारतात. सकाळी अकराला, सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर, आगाऊ कळवून जातात.

जायचं असेल तर संध्याकाळी साडेपाच-सहाला जावं, तेच दिवेलागणीच्या वेळी. कोण ओरडतंय, कोण दार ठोठावतंय आणि त्याच्याशी कोण कसं बोलतंय, एवढं अर्धा तास बसून ऐकावं. रात्री दहा ते सकाळी सहा किती माणसं जागी असतात आणि त्यांच्याकडे किती रुग्ण असतात, हा आकडा विचारावा. उत्तर टाळलं गेलं तर तेच उत्तर समजावं. शांत ठेवायला कुठली औषधं देतात आणि ती कोणत्या डॉक्टरांच्या सहीने, हे तर विचारायलाच हवं. भ्रम आणि आक्रमकतेवर वापरल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी ती द्यावी लागतात. पण रात्रपाळीला माणूस कमी आहे म्हणून गोळी वाढवली जात असेल, तर ते औषध सेंटरच्या सोयीचं झालं. पाय पलंगाला बँडेजने बांधतात का, हेही सरळ विचारावं. आणि अचानक एखाद्या दिवशी माणूस फारच बरळायला लागला, तर तिथली माणसं काय करतात? लघवीच्या जंतुसंसर्गाने वृद्धांमध्ये असं होऊ शकतं. हे ज्यांना माहीत आहे ते आधी लघवी तपासतात. बाकीचे झोपेचं इंजेक्शन शोधतात.

भाषेचा मुद्दा मी फार वरचा मानते. ठाण्याच्या बाजूला एका कुटुंबाबरोबर मी एक सेंटर बघायला गेले होते. मालवणकडचे एक आजोबा खुर्चीत बसून पुन्हा पुन्हा सांगत होते, "माका मुताक जावचा आसा." शेजारचा मुलगा झारखंडचा, वागायला अगदी सालस. तो त्यांना पाणी देत होता, बिस्कीट देत होता, पाठीवरून हात फिरवत होता. त्याला कळतच नव्हतं. थोड्या वेळाने खुर्चीखाली ओल आली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं की पेशंटला लघवीवर नियंत्रण नाही, डायपर सुरू करणे. त्या आजोबांचं नियंत्रण शाबूत होतं. आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडू शकते आणि लहानपणची बोली उरते. म्हणून सेंटरला विचारा: माझ्या आईशी तिच्या बोलीत बोलणारं, निदान ती समजणारं, कोण आहे? कुणीच नसेल तर तिच्या गरजेचे दहा-बारा शब्द हिंदी अर्थासकट लिहून खोलीच्या दाराला लावा आणि ते पाठ करून घ्या. चूक त्या मुलाची नव्हती. त्याला तिथे उभं करणाऱ्यांनी त्याला काहीच दिलं नव्हतं.

ही सगळी तपासणी कुटुंबालाच का करावी लागते? कारण नियम अपुरे आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्याला किमान एक, १५० निराधार वृद्धांसाठीचा आश्रम एवढी तरतूद आहे. खाजगी डिमेन्शिया सेंटरमध्ये रात्री किती माणसं हवीत हे तो कायदा सांगत नाही. घरपोच सेवा देणाऱ्या एजन्सी आणि वृद्धांची केंद्रं यांची नोंदणी व किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते संमत न होताच १७ व्या लोकसभेबरोबर २०२४ साली बाद झालं. ब्युरो आणि सेंटर या दोघांनाही शिस्त लावणारा तो मसुदा होता. एवढ्या मोठ्या विषयावर आपल्या वर्तमानपत्रांत धड चार लेखही आले नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

आता महापालिकांकडे येते. पहिला आक्षेप ठरलेला: पाणी, रस्ते, कचरा हे त्यांचं काम, म्हाताऱ्यांचे पाळणाघर कुठून आणलं? पण नवी मुंबई महापालिका वाशीला दिव्यांगांसाठी ईटीसी केंद्र चालवते. तिथे शिक्षण, प्रशिक्षण, उपचार एका छताखाली आहेत आणि त्या केंद्राचा शहराला रास्त अभिमान आहे. ज्या महापालिकेने हे करून दाखवलं तिला डिमेन्शियाचं दिवसाचं केंद्र जमणार नाही हे मला पटत नाही. नवी मुंबईच्या नोडानोडांत, म्हणजे उपनगराउपनगरांत, ज्येष्ठ नागरिकांची विरंगुळा केंद्रं आहेत. वाशी, नेरुळ, ऐरोलीला पालिकेची रुग्णालयं आहेत. एनएमएमटी या पालिकेच्या परिवहन सेवेच्या बसेस आहेत. ठाणे महापालिकेकडे तर कळव्याला रुग्णालयाबरोबर स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. केरळने ठाण्यापेक्षा श्रीमंत नसलेल्या गावांत हे केलंय: २०१४ साली तिथल्या सरकारने अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेला सोबत घेऊन डिमेन्शियाचा राज्य उपक्रम सुरू केला, त्यात त्रिशूर जिल्ह्यात दिवसाचं केंद्र आणि एर्नाकुलम जिल्ह्यात निवासी केंद्र उभं राहिलं.

केंद्राला लागतं ते फार नाही, पण नेमकं लागतं. तळमजला. पकडायला दांडे असलेला, फरशी कोरडी राहणारा संडास. बाहेर पडता येईल पण रस्त्यावर जाता येणार नाही असं अंगण. वीस माणसांमागे चार-पाच शिकवलेले मदतनीस, आठवड्यातून एकदा डॉक्टर. वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, कारण घणसोलीहून सीएसएमटीला किंवा अंधेरीला जाणाऱ्या सुनेला अकरा ते चारच्या केंद्राचा काही उपयोग नाही. ने-आण करणारी छोटी बस. फी ऐपतीप्रमाणे.

आणि दिवसभर करायचं काय? ज्याला जे येत होतं ते. मेथी निवडणं, शेंगा सोलणं, वाती वळणं, भजन, पत्ते. कोपरखैरण्यात माथाडी कामगारांच्या वसाहतीतले एक काका मला आठवतात. तीस वर्षं मसाला मार्केटमध्ये पोती उचललेली. आजार झाल्यावर ते घरातल्या खुर्च्या, उशा, पाण्याची कळशी, जे हाताला लागेल ते या भिंतीकडून त्या भिंतीकडे नेऊन रचायचे आणि घरातले वैतागून त्यांना बसवायचे. बसवलं की ते रडायचे. तांदळाच्या भुशाच्या चार लहान पिशव्या आणि एक मोकळी खोली त्यांना मिळाली असती तर तो त्यांचा कामाचा दिवस झाला असता. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांच्या घराला ते कसं जमावं? केंद्राला जमतं.

अशा घरांसाठीच हे पालिकेनं करायचं. वागळे इस्टेटमध्ये, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत आयुष्य काढलेल्या कितीतरी जणांना भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून निवृत्तिवेतन मिळतं, त्याची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले, ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. राज्याच्या वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठीसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात. या दोन्ही योजना चांगल्या आहेत. पण खुब्याचं हाड मोडल्यावर सरकार खर्च उचलतं आणि ते मोडू नये म्हणून दिवसभर सोबत बसणाऱ्या माणसासाठी एक रुपयाचीही सोय नाही, हा हिशेब मला कळत नाही.

दुसरा आक्षेप घरच्यांकडून येतो आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. जागा बदलली की ही माणसं आणखी बिथरतात, मग रोज केंद्रात कशी नेणार? बिथरतात हे खरं आहे. म्हणूनच ती सवय आजार हलका असताना लावायला हवी, जेव्हा माणूस स्वतःच्या पायांनी जातो, मदतनीस मुलीचं नाव नाही तरी चेहरा ओळखायला लागतो. तीच बस, तीच खुर्ची, तीच वेळ, यातून त्याला भान राहतं. सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस न्यावं. अगदी शेवटच्या टप्प्यात, अंथरुणाला खिळल्यावर, केंद्राचा उपयोग संपतो. तिथे घरी येणाऱ्या परिचारिकेची गरज असते आणि तीही पालिकेच्या आरोग्य विभागातूनच यायला हवी. सगळ्या आजाराला दिवसाचं केंद्र पुरेल असा माझा दावा नाही. मधली चार-पाच वर्षं त्याने निभावतात, आणि घर मोडतं ते त्याच वर्षांत.

अशी केंद्रं होईपर्यंत काय? एका सेक्टरमधल्या दोन-तीन कुटुंबांनी मिळून एकाच्या घरी, तळमजल्यावर, एक चांगली मावशी ठेवली आणि तिला नीट पगार दिला, तर दिवसाचं छोटं केंद्र घरातच सुरू होतं. असं केलेली घरं मला माहीत आहेत. निवासी सेंटर घ्यायचंच असेल तर आधी आठवडाभर राहायला ठेवून बघा, आणि माणूस मध्येच हॉस्पिटलमध्ये गेला किंवा वारला तर डिपॉझिटचं काय, हे लेखी घ्या. अडचणीत १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करा.

वॉर्ड ऑफिसमध्ये या विषयावर बोलायला गेलं की एक उत्तर हमखास मिळतं: अशी मागणी कुणी करत नाही. लाजेने घराबाहेर न बोलणाऱ्या कुटुंबांची मागणी त्यांच्यापर्यंत पोचणार तरी कशी? हे काम ज्येष्ठ नागरिक संघांना करता येईल. कुणाचंही नाव न घेता, आपल्या सेक्टरमध्ये किती घरांत असा माणूस आहे, त्यातले किती जण चालते-फिरते आहेत, किती घरांत सांभाळणाऱ्याने नोकरी सोडली, एवढंच मोजायचं. गणपतीच्या मंडळांना घरोघर फिरायची सवय आहे, त्यांची मुलं मदत करतील. हे आकडे, आपल्या विरंगुळा केंद्रातली तळमजल्यावरची एखादी खोली दिवसा किती वेळ रिकामी असते याच्या नोंदीसह, अंदाजपत्रकाआधी आयुक्त, नगरसेवक आणि आमदार तिघांनाही द्यायचे. एका नोडमध्ये एक केंद्र, वीस माणसं, एक वर्ष, एवढीच पहिली मागणी ठेवावी आणि त्या वर्षात किती घरांनी त्याचा वापर केला याचा हिशेब पालिकेने जाहीर करावा.